घर विकायच्या आधी अंगणातलं झाड तोडताय? या चुका टाळा

एप्रिलमध्ये एका गुरुवारी कोथरूडचं एक वयस्कर जोडपं माझ्याकडे आलं. बंगला विकून मुलाकडे बंगळुरूला कायमचं जायचं त्यांचं ठरलं होतं. काकांनी पिशवीतून आधी इसारपावती काढली आणि तिच्याखालून महापालिकेची नोटीस. इसार झाला होता, साठेखताची (म्हणजे खरेदीखताआधीच्या विक्रीच्या कराराची) तारीखही ठरली होती. तेवढ्यात मध्यस्थ म्हणाला, "आंब्यामुळे प्लॉट लहान दिसतोय, आत्ताच काढून टाका, नंतर कटकट नको." रविवारी सकाळी सातला तीन माणसं मशिनची करवत घेऊन आली आणि अकराच्या आत झाड आडवं झालं. समोरच्या इमारतीतून कुणीतरी मोबाईलवर सगळं टिपलं. मंगळवारी उद्यान विभागाचे लोक आले, बुंध्याला टेप लावली, फोटो काढले, पंचनामा केला.

मी जागा बघायला गेले तेव्हा भुसा अजून ओलसर होता आणि कापलेल्या खोडावर चीक गोठला होता. भुशात कैऱ्या पडल्या होत्या. काकूंनी त्यातल्या चार उचलून ओट्यावर ठेवल्या. मग काय वाटलं कुणास ठाऊक, पुन्हा उचलून बुंध्यापाशी नेऊन ठेवल्या. झाड त्यांच्या सासऱ्यांनी लावलेलं होतं.

माझं काम खरेदीखतं करण्याचं. या प्रकारची अडचण घेऊन येणारी माणसं स्वभावाने कायदा मोडणारी नसतात. घर विकायच्या गडबडीत कुणीतरी काहीतरी सुचवतं, हे 'हो' म्हणतात, आणि पुढचे कित्येक महिने त्यात जातात. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

"झाड आमचं, आवार आमचं, मग परवानगी कसली?"

सगळ्यात जास्त नुकसान करणारी समजूत ही. महापालिका आणि नगरपालिकांच्या हद्दीत 'महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५' लागू आहे. झाड रस्त्यावरचं आहे की तुमच्या कुंपणाच्या आतलं, याने या कायद्याला फरक पडत नाही. मालकी तुमचीच राहते, पण तोडायचं तर महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची लेखी परवानगी लागते. विनापरवाना तोडलं तर दंड आहेच, शिवाय एक आठवड्यापासून एक वर्षापर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. प्रत्येक झाड हा वेगळा गुन्हा धरला जातो. तीन झाडं तोडली तर तीन गुन्हे.

खाजगी जमिनीचा बचाव न्यायालयात कितपत चालतो हे बघायचं असेल तर वृंदावनचं प्रकरण आठवा. तिथे एका खाजगी जागेतली ४५४ झाडं सप्टेंबर २०२४ मध्ये रातोरात तोडली गेली. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दर झाडामागे १ लाख रुपये दंड कायम केला आणि एवढं हरित आवरण पुन्हा उभं राहायला किमान १०० वर्षं लागतील असं म्हटलं. वृंदावन ताजमहालाभोवतीच्या संरक्षित पट्ट्यात येतं आणि तिथले नियम वेगळे आणि कडक आहेत, हे खरं. पण 'जागा माझी' हे उत्तर न्यायाधीशांना पुरेसं वाटत नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

छाटणीच्या नावाखाली झाड मारणं

"तोडलं कुठे, फक्त फांद्या काढल्या," असं म्हणत झाडाचा नुसता खुंट उभा ठेवलेला मी पाहिला आहे. बुंध्याची साल गोल सोलून काढणं, भोक पाडून आत काहीतरी ओतणं, मुळाशी पालापाचोळा पेटवणं, हेही प्रकार होतात. १९७५ च्या कायद्यात 'झाड तोडणे' याची व्याख्याच अशी आहे की जाळणं, कापणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणं, सगळं तिच्यात येतं. साध्या छाटणीसाठीसुद्धा अर्ज करा. झाड खरोखर वाळलेलं, किडलेलं किंवा घरावर कलंडलेलं असेल तर तेच कारण अर्जात लिहा आणि फोटो जोडा. मेलेल्या आणि धोकादायक झाडांसाठी कायद्याने वाट ठेवलेली आहे. आडमार्गाने जायची गरजच नसते.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. झाडावर पक्ष्यांची घरटी असतील तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ सुद्धा मध्ये येतो. संरक्षित पक्ष्यांची अंडी फोडणं किंवा घरट्याला धक्का लावणं हे त्या कायद्यात शिकारीच्या व्याख्येत बसतं. पावसाळ्यात वर्षावृक्षांवर आणि चिंचांवर बगळ्यांच्या वसाहती असतात. त्या दिवसांत करवत लावूच नका.

"माणसं एजंटने आणली होती"

काकांचं पहिलं वाक्य हेच होतं. पण कायदा तोडणाऱ्याइतकाच तोडायला लावणाऱ्यालाही जबाबदार धरतो. मजुरी कुणी दिली, फाटक कुणी उघडलं, जागा कुणाच्या नावावर आहे, चौकशी याच प्रश्नांनी सुरू होते. मध्यस्थाचं नाव कोणत्याही कागदावर नव्हतं. नोटीस निघाल्यावर त्याने फोन उचलणंही बंद केलं.

परदेशी राहणाऱ्या मराठी मंडळींना इथे विशेष कळकळीने सांगते. तुम्ही न्यू जर्सीत किंवा दुबईत असता, सांगलीचं किंवा डोंबिवलीचं वडिलांचं घर विकायला चुलतभावाला कुलमुखत्यारपत्र देता. त्यात 'मालमत्तेसंबंधी आवश्यक ती सर्व कामे करणे' असं एक ढगळ वाक्य असतं. झाडाबद्दल वेगळं लिहा: 'कोणतेही झाड तोडण्याचा वा छाटण्याचा अधिकार दिलेला नाही.' विकायच्या आधी अंगणाचा, प्रत्येक झाडाचा तारखेसह व्हिडिओ मागवून घ्या.

इसार आणि खरेदीखताच्या मधल्या काळात हात लावणं

कायद्याने जमीन विकली म्हणजे जमिनीत रुजलेलं झाडही त्याबरोबर जातं. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मध्ये झाडाझुडपांना 'जमिनीला जोडलेली' वस्तूच म्हटलं आहे. त्याच कायद्याचं कलम ५५ सांगतं की, करार झाल्यापासून ताबा देईपर्यंत विकणाऱ्याने मालमत्तेची नीट काळजी घ्यायची. घर बघायला आलेल्या दिवशी अंगणात आंबा उभा होता आणि ताबा घेताना तिथे खुंट आहे, तर घेणारा 'मला दाखवलं ते हे नव्हे' असं म्हणू शकतो, आणि त्याचं म्हणणं चूक नसतं. मालमत्तेतले महत्त्वाचे दोष घेणाऱ्याला सांगायचं बंधनही त्याच कलमात आहे. महापालिकेची नोटीस खिशात ठेवून साठेखतावर सही केलीत, तर झाडाच्या भांडणात फसवणुकीचं भांडणही येऊन मिळतं.

कोथरूडच्या व्यवहारात नेमकं हेच अडलं. घेणारा सज्जन माणूस होता, पण त्याला कर्ज देणाऱ्या बँकेच्या वकिलाने नोटिशीचा निकाल लागल्याशिवाय पुढे जायला नकार दिला. तोवर काका-काकूंचं सामान खोक्यांत भरून झालं होतं. ऐन उन्हाळ्यात ती दोघं खोक्यांनी भरलेल्या घरात, एका स्टोव्हवर स्वयंपाक करत थांबून राहिली. दंडापेक्षा हे थांबणं त्यांना जड गेलं.

विकणाऱ्याने झाडाला हात लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जसं आहे तसं विकावं. घेणाऱ्याला नको असेल तर खरेदीखत झाल्यावर त्याने स्वतःच्या नावाने अर्ज करावा, कारण नवं बांधकाम कुठे येणार, झाड खरंच आड येतं का, हे त्यालाच सांगता येणार. आणि आधी त्याला विचारा तरी! कित्येकांना ती सावली हवी असते.

परवानगी मिळाली, पण वाचली नाही

अर्ज गेला की जागेची पाहणी होते, झाडावर आणि वर्तमानपत्रात नोटीस लागते, हरकतींसाठी ७ दिवस असतात. परवानगी हातात आल्यावरही १५ दिवस थांबायचं असतं, म्हणजे कुणाला दाद मागायची तर मागता येते. साठेखतात '३० दिवसांत जागा मोकळी करून देऊ' असं लिहून बसलेला विकणारा या वेळापत्रकात हमखास अडकतो. असं वचन देऊच नका.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अटी. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड 'वारसा वृक्ष' ठरतं आणि त्याला जास्त संरक्षण आहे. भरपाई म्हणून लावायची झाडंही तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी. ६० वर्षांचा आंबा काढला तर ६० रोपं, तीही किमान सहा ते आठ फूट उंचीची, आणि पुढे सात वर्षं ती जगतात की नाही याची देखरेख. बऱ्याच महापालिका त्यासाठी अनामत रक्कमही भरून घेतात. आता विचार करा: परवानगी काकांच्या नावावर, अनामत काकांची, काका बंगळुरूला आणि रोपं पुण्यात. कोण पाणी घालणार? खरेदीखतात याचा उल्लेख नसेल तर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात आणि रोपं वाळतात.

"जागा तुमची, लाकूड आमचं"

साग किंवा फणस असेल तर हा मोह होतो. तोंडी ठरवू नका. सर्वोच्च न्यायालयाचे न्या. व्हिवियन बोस यांनी १९५८ च्या शांताबाई खटल्यात हा भेद सोप्या शब्दांत मांडला आहे: जे झाड जमिनीतून पोषण घेत राहणार आहे ते स्थावर, आणि जे लवकरच तोडून लाकूड म्हणून वापरायचं आहे ते जंगम. म्हणजे 'लाकूड माझं' असं म्हणताना ते झाड तोडायचं आहे, हेच तुम्ही लिहून देता. मग तोडायची परवानगी आधी दाखवा.

गावाकडे कायदा नाही, हा गैरसमज

कोकणातलं घर-वाडी विकताना १९७५ चा कायदा लागत नसेल, पण 'महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४' लागतो. त्याच्या अनुसूचीत साग, चंदन, खैर, ऐन, किंजळ, हिरडा यांच्या जोडीला आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह ही अगदी परसातली झाडंसुद्धा आहेत. तोडण्याआधी वनखात्याच्या जवळच्या कार्यालयात विचारा. लाकूड हलवायला वाहतूक परवाना लागतो का, तेही तिथेच विचारून घ्या.

गोव्यात घर असेल तर तिथला १९८४ चा वेगळा कायदा आहे. तिथे माडाला २०१६ मध्ये 'झाड' या व्याख्येतून वगळलं होतं आणि पुढच्याच वर्षी परत आत घेतलं. एखाद्याने मधल्या वर्षात ऐकलेलं ज्ञान आज सांगितलं, तर त्यावर जाऊ नका.

तोडून झालंच असेल तर

पहिली गोष्ट, खुंट उखडू नका, त्यावर फरशी टाकू नका. वृक्षगणनेत झाडांच्या नोंदी होतात, पुण्यात तर जीपीएस लावून त्या झाल्या आहेत, आणि गूगल अर्थवर जुनी उपग्रह छायाचित्रं कुणालाही बघता येतात. झाड नव्हतंच, असं सिद्ध करायला गेलात तर पुरावा नष्ट केल्याचा संशय अंगाला चिकटेल. मागची तारीख टाकून अर्ज करायचा सल्ला कुणी दिला तर त्या माणसाला दारातूनच परत पाठवा.

नोटिशीला दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्या, वकिलाला दाखवून. घडलं ते खरं लिहा: कुणी सुचवलं, कुणी तोडलं, किती पैसे दिले. भरपाईची झाडं लावायची तयारी स्वतःहून कळवा. गुन्हा त्याने पुसला जात नाही, पण तुमची वागणूक कागदावर येते. घेणाऱ्याला त्याच दिवशी सांगा. तो चिडेल. तरीही त्याला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा हे बरं.

मग साठेखतात एक कलम घाला. कोथरूडच्या कागदात मी घातलं ते साधारण असं होतं: 'सदर मिळकतीतील आंब्याचे झाड दिनांक अमुक रोजी तोडले गेले असून त्याबाबत महापालिकेची नोटीस क्रमांक अमुक प्रलंबित आहे, हे लिहून घेणार यांना सांगितले आहे. त्यातून उद्भवणारा दंड, खर्च व वृक्षलागवडीची जबाबदारी लिहून देणार यांची राहील.' त्यासोबत किमतीतली काही रक्कम दोघांच्या संमतीने बाजूला ठेवली, निकाल लागेपर्यंत. बँकेच्या वकिलाने हे वाचून होकार दिला आणि ऑगस्टमध्ये खरेदीखताची नोंदणी झाली.

झाड अजून उभं असेल तर कलम याहून सोपं आहे. मिळकतीच्या वर्णनात, चतुःसीमेच्या खाली, झाडांची यादी द्या: जात, जागा, बुंध्याचा घेर. दोन्ही बाजूंच्या सह्या असलेला फोटो परिशिष्ट म्हणून जोडा. घेर मापायचा तर जमिनीपासून साधारण छातीच्या उंचीवर टेप लावा आणि मापताना घेणाऱ्यालाही बोलवा.