इंग्रजी शब्दसंग्रह वाढवताय? या चुका टाळा

आयईएलटीएस आणि जीआरई या परदेशी शिक्षणासाठीच्या परीक्षांची तयारी करणारी मुलं माझ्याकडे येतात, तेव्हा जवळपास प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये एक तक्ता सेव्ह केलेला असतो. ‘व्हेरी टायर्ड’ म्हणू नका, ‘एक्झॉस्टेड’ म्हणा. ‘व्हेरी हंग्री’ म्हणू नका, ‘रॅव्हनस’ म्हणा. त्याच तक्त्यात खाली ‘व्हेरी ओल्ड’साठी ‘एन्शंट’ दिलेला असतो आणि मग कुणीतरी निबंधात आपल्या आजीला ‘एन्शंट’ म्हणून मोकळं होतं. हा शब्द लेण्यांना, शिलालेखांना, संस्कृतींना शोभतो. जित्याजागत्या माणसाला लावला की टिंगल होते. या तक्त्यांचा मला मनापासून राग येतो. शब्द कुठे चालतो आणि कुठे नाही, हेच ते सांगत नाहीत.

याच सवयीतून सगळ्यांत महागात पडणारी चूक होते. आधी साधं लिहायचं, मग एकेका शब्दावर राइट क्लिक करून त्या जागी भारी शब्द बसवायचा. एका द्राक्ष बागायतदाराच्या मुलाने परदेशी विद्यापीठासाठी स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे प्रवेश अर्जासोबतचा स्वतःबद्दलचा निबंध, लिहिलं होतं. पहिला मसुदा छान होता. वडील ‘हंबल’ शेतकरी, कर्ज डोक्यावर असतानाही ‘डिटरमिन्ड’. मुलगा लहानपणापासून ‘क्युरिअस’. अर्ज पाठवायच्या आदल्या रात्री मित्राच्या सल्ल्याने त्याने शब्द बदलले. सकाळी माझ्यासमोर आलेल्या मजकुरात वडील ‘लोली’ झाले होते, म्हणजे खालच्या पायरीवरचे. शिवाय ‘ऑब्स्टिनेट’, म्हणजे हेकट. आणि मुलगा ‘प्राइंग’, म्हणजे दुसऱ्याच्या खासगी गोष्टींत नाक खुपसणारा. समानार्थी शब्दांच्या यादीत हे सगळे शेजारीशेजारी बसतात, म्हणून त्याला शंकाही आली नाही. मी एकेक शब्द मराठीत करून वाचला, तसा त्याचा चेहरा उतरत गेला. जुना मसुदा परत काढला. त्यात एकच भर घातली: कर्जाच्या त्या वर्षी वडिलांनी मजूर न लावता घरच्यांना घेऊन बागेची छाटणी केली, ते दोन साध्या वाक्यांत लिहिलं. वडिलांची जिद्द त्या दोन वाक्यांत दिसली.

थिसॉरस, म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश, मी एकाच कामासाठी उघडते: ओळखीचा शब्द ऐनवेळी आठवत नसेल तर. अनोळखी शब्द तिथून कधीच उचलत नाही. त्यासाठी ऑक्सफर्ड, केंब्रिज किंवा लाँगमनची लर्नर्स डिक्शनरी बघते; तिन्ही इंटरनेटवर फुकट आहेत. अर्थाच्या आधी तिथे ‘फॉर्मल’, ‘इन्फॉर्मल’, ‘डिसअप्रूव्हिंग’ अशा खुणा असतात. मुलं नेमक्या त्याच वगळून पुढे जातात. खाली दिलेली उदाहरणं तर कुणी वाचतच नाही. मी ती मोठ्याने वाचायला लावते. नवा शब्द तीन वेगवेगळ्या लेखांत भेटल्याशिवाय तो स्वतःच्या लिखाणात वापरायचा नाही, हा माझ्या वर्गाचा नियम. घाईतल्या मुलांना तो जाचक वाटतो, पण मी तो सैल करत नाही.

दुसरं दुखणं इडियमचं. आयईएलटीएसच्या स्पीकिंगच्या बँड ७ च्या, म्हणजे नऊपैकी सातव्या पातळीच्या, निकषांत ‘इडियमॅटिक’ शब्दांचा उल्लेख आहे. तेवढाच वाचून मुलं पाठ केलेले वाक्प्रचार कोंबतात. तिथेच पुढे शैली आणि कोलोकेशनची, म्हणजे कोणता शब्द कोणत्या शब्दाच्या जोडीने येतो याची, जाण हवी, असंही म्हटलंय. म्हणजे ‘हेवी रेन’ पण ‘स्ट्राँग टी’, आणि निर्णय ‘मेक’ करायचा, गुन्हा ‘कमिट’. खरं मुरलेलं इंग्रजी इथे कळतं. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ आज इंग्रज माणूस क्वचितच म्हणतो. मुसळधार पावसाला तो ‘इट्स पोअरिंग’ म्हणून मोकळा होतो. आणि ‘किक द बकेट’ म्हणजे मरणं, पण ते शोकसंदेशात लिहू नका. त्यात मेलेल्या माणसाबद्दल आदर नाही.

जीआरईवाल्यांसाठी: विरुद्धार्थी शब्द आणि अ‍ॅनालॉजीचे, म्हणजे शब्दजोड्यांमधलं नातं ओळखायचे, प्रश्न ऑगस्ट २०११ मध्येच गेले. आता शब्द वाक्याच्या संदर्भात विचारतात. तरी याद्यांची घोकंपट्टी चालूच आहे.

वहीत शब्दासमोर एकच मराठी अर्थ लिहू नका. अख्खं वाक्य लिहा. कोण कुणाला म्हणतंय तेही.

‘पास्ड आउट इन २०१९’ हे आपल्याकडे चालतं, पण परदेशातल्या वाचकाला तुम्ही बेशुद्ध पडलात असं वाटेल. ‘ग्रॅज्युएटेड’ लिहा. लग्नाच्या जाहिरातीतला ‘होमली’ अमेरिकेत नेऊ नका; तिथे त्याचा अर्थ दिसायला बेताची. बैठकीत एखादा विषय ‘टेबल’ करणं म्हणजे ब्रिटनमध्ये चर्चेला घेणं आणि अमेरिकेत बाजूला ठेवणं. दुसऱ्या महायुद्धात या एका शब्दावरून दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांत बराच वेळ वाद झाल्याचं चर्चिलने लिहून ठेवलंय. दोघांनाही तो विषय चर्चेलाच घ्यायचा होता.

राहिली उजळणी. शिकलेलं सुरुवातीलाच झपाट्याने विसरतं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउसने १८८५ मध्येच दाखवलं होतं. म्हणून महिन्यात तीन हजार शब्दांचा वायदा करणाऱ्या कोर्सवर पैसे घालवू नका. आठवड्याला दहा शब्द घ्या. दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने वही उघडा. शब्द झाकून त्याचं वाक्य आठवा आणि अडलं तर ज्या लेखातून तो घेतला तो लेख पुन्हा वाचा.