ठोकून रिपेअर केलेली सेकंड हँड गाडी घ्यायची का?

ठाण्याच्या घोडबंदर रोडवर रोज ये-जा करणारी पाच वर्षं जुनी गाडी कुठेच घासलेली नाही असं कोणी सांगत असेल तर आधी तिथेच शंका घ्या. म्हणून ठोकली होती का हे विचारत बसू नका, कुठे ठोकली होती ते शोधा. बंपर, फेंडर, बोनेट, दरवाजे सगळं बोल्टवर असतं, नीट बदललं असेल तर काही बिघडत नाही, उलट भाव पाडायला बरं. पण पिलर (छताला धरणारे खांब), अ‍ॅप्रन (बोनेटखाली इंजिनाच्या बाजूचा वेल्ड केलेला पत्रा), चासी (गाडीचा खालचा सांगाडा), छत यात कटिंग-वेल्डिंग झालं असेल तर गाडी कितीही चकाचक असू दे, सोडून द्या.

गाडी दिवसाउजेडी बघा, आणि नुकतीच धुतलेली ओली नको, पाण्यात सगळे रंग सारखेच दिसतात. बोनेट उघडून फेंडरच्या आणि बिजागरीच्या बोल्टवर नजर टाका, रंग उडालाय म्हणजे पाना लागलाय. मग दरवाज्याच्या चौकटीचं रबर हाताने ओढून काढा (परत बसतं, डीलर तोंड वाकडं करेल, करू दे), आत पत्र्याच्या कडेवर कंपनीच्या स्पॉट वेल्डिंगचे छोटे गोल खळगे ओळीने दिसले पाहिजेत, ते गायब आणि जागा पुट्टी मारून गुळगुळीत केलेली असेल तर समजून जा. डिकीतलं कार्पेट उचलून स्टेपनीखालचा पत्रा पण बघा, मागून बसलेला मार तिथे लपत नाही. पेंट मीटर (रंगाच्या थराची जाडी मोजणारं यंत्र) मिळाला तर उत्तमच, कंपनीचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉनच्या आसपास असतो, पुट्टी असली की आकडा कितीतरी वर जातो.

चावी ऑन केली की एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदात विझायला हवा. लागतच नसेल तर एअरबॅग एकदा फुटून गेल्यात आणि खर्च नको म्हणून दिवाच बंद करून टाकलाय असं असू शकतं, तेव्हा स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले फॉल्ट वाचणारं यंत्र) लावल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता कागद. चालू इन्शुरन्स पॉलिसी मागा आणि एनसीबी (नो क्लेम बोनस, क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) बघा, सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर तो 50 टक्के होतो. मालक म्हणतो एक ओरखडा नाही आणि एनसीबी शून्य, मग क्लेम कसला केला ते विचारा ना! कधीकधी पॉलिसी मध्येच लॅप्स झाल्यानेही तो शून्य होतो, म्हणून सर्व्हिस सेंटरची पूर्ण हिस्ट्री मालकाकडूनच काढून घ्या. रिपेअरचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) 75 टक्क्यांवर गेला की इन्शुरन्सवाले टोटल लॉस धरतात, अशा गाड्या लिलावात जाऊन परत रंगून बाजारात येतात. ती स्वस्तात पण नको.

टेस्ट ड्राइव्ह नवी मुंबईच्या पाम बीच रोडला घ्या, रस्ता सरळ आहे, स्टिअरिंग हलकं धरलं की गाडी एका बाजूला ओढते का लगेच कळतं. नंतर वागळे इस्टेटला किंवा तुर्भ्याला तुमच्या ओळखीच्या मेकॅनिककडे लिफ्टवर चढवून खालून बघा, डीलरच्या माणसाकडे नको. आणि पिलर-चासीचं काम झालेलं नाही असं लिहून द्यायला का-कू करत असेल तर टोकन देऊ नका.