नोकरीला लागलेल्या पोरापोरींचा आरोग्य विमा: एजंटला फोन करण्याआधी

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत नोकरी लागली की आधी पगाराची स्लिप बघा. पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत आणि कामावर दहा किंवा जास्त माणसं असतील, तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागू होतो. तुमची कपात ०.७५ टक्के, मालकाचा वाटा ३.२५ टक्के. १८,००० पगारावर तुमचे १३५ आणि मालकाचे ५८५. एवढ्यात तुमच्यासह अवलंबून असलेल्या घरच्यांचे उपचारही होतात. याहून स्वस्त विमा बाजारात मिळायचा नाही.

घोळ होतो तो बहुधा ठेकेदाराकडे. स्लिपवर कपात दिसते, पण भरणा झालेला नसतो. दहा आकडी विमा क्रमांक मागून घ्या आणि ही योजना चालवणाऱ्या ईएसआयसीच्या पोर्टलवर महिनावार भरणा तपासा. घरच्यांची नावं तेव्हाच जोडून घ्या; दवाखान्याच्या दारात ते जमत नाही. कारखाना बदलला तरी जुनाच क्रमांक द्या. आजारपणाच्या रजेत ७० टक्के पगार मिळायला सहा महिन्यांच्या कालावधीत ७८ दिवसांचा भरणा लागतो. दोन क्रमांक झाले की दिवस विभागले जातात आणि हक्क हुकतो.

जूनमध्ये पगारवाढीने २१,००० ओलांडले, तरी कपात ३० सप्टेंबरपर्यंत चालू राहते. खासगी पॉलिसी त्याच काळात काढा. पहिले ३० दिवस अपघात सोडून काहीही मिळत नाही, ते असे निघून जातात.

हुपरीत चांदीकामावर किंवा गांधीनगरात चार माणसांच्या दुकानात असाल, तर ईएसआय विसरा आणि रेशनकार्ड काढा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पांढऱ्या कार्डालाही. पण उपचार यादीतला हवा, रुग्णालय योजनेतलं हवं, आणि ओपीडी यात नाही. दाखल होताना पैसे भरण्याआधी आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाला, गाठा. शस्त्रक्रियेची मंजुरी आधी लागते. लग्न झालेल्या मुलींचं नाव माहेरच्या कार्डावरून कमी होतं आणि सासरच्या कार्डावर चढायला वर्ष जातं. ते आधी तहसीलच्या पुरवठा विभागात मार्गी लावा.

आईवडिलांच्या खासगी पॉलिसीत मुलं बहुतेक ठिकाणी पंचविशीपर्यंतच चालतात. नूतनीकरणाआधी दीड-दोन महिने त्याच कंपनीला लिहून द्या की मला स्वतंत्र पॉलिसीत वर्ग करा. मग आधीची वर्षं प्रतीक्षा कालावधीत धरली जातात. नव्याने काढली तर जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं.

पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा जरूर वाचा. ५ लाखांच्या विम्यावर एक टक्क्याची मर्यादा म्हणजे रोज ५,०००. तुम्ही ८,००० ची खोली घेतली, तर फरक फक्त भाड्याचा पडत नाही: डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचा खर्चही पाच अष्टमांशच मंजूर होतो. ८०,००० चे ५०,००० मिळतात. औषधं आणि तपासण्यांना ही कात्री लागत नाही.

प्रस्ताव अर्ज एजंटला भरू देऊ नका. थायरॉइड, जुनं फ्रॅक्चर, तंबाखू, सगळं स्वतः लिहा. लपवलेल्या माहितीमुळे दावे फेटाळले जातात. पॉलिसी हातात आल्यावर अटी पटल्या नाहीत, तर ३० दिवसांत परत करता येते.