हा विषय कोणाचा? खासदारांच्या कार्यालयात कामाला लागणाऱ्यांसाठी

विदर्भातल्या एका ग्रामीण मतदारसंघाच्या खासदारांकडे मी संसदीय कामासाठी लागलो, तेव्हा माझं राज्यशास्त्रात एम.ए. झालेलं होतं. तारांकित, अतारांकित, शून्य प्रहर, नियम 377, सगळं पाठ. तुमचंही असेल, म्हणून ते पुन्हा सांगत बसत नाही. ज्या एका गोष्टीनं मला पाडलं तीही मला पाठ होती. राज्यघटनेची सातवी अनुसूची. कुठला विषय केंद्राचा, कुठला राज्याचा. परीक्षेत तिच्यावर पैकीच्या पैकी मार्क मिळवले आणि कामात पहिल्याच अधिवेशनात तिथंच ठेचकाळलो.

नोव्हेंबर 2024. सकाळी नऊच्या आत कार्यालयाच्या पायरीवर एक म्हातारे शेतकरी येऊन बसले होते. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत मूठभर कापूस. मी तो हातात घेतला तर थंड लागला, दाबला तर गोळा तसाच राहिला. आदल्या दिवशी खरेदी केंद्रावर कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरनं गाडीत ओलावा मोजायचं मीटर खुपसलं आणि गाडी परत केली होती. "बारा पॉइंट सहा निंगलं म्हणे. आता घरी नेऊन वाळवाले जागा कुठी हाये, तूच सांग," बाप्पा म्हणाले. गाडीभाडं गेलं ते वेगळंच.

नियम तुम्हाला माहीत असेल: भारतीय कापूस महामंडळ 8 टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव देतं, 8 ते 12 मध्ये त्या प्रमाणात कापतं, 12 च्या वर घेतच नाही. लांब धाग्याचा हमीभाव त्या वर्षी 7,521 रुपये क्विंटल होता. पहिली वेचणी दवात होते, घरात दोन खोल्या असतात आणि त्याच खोल्यांत माणसं झोपतात. 12 च्या आत बसणं प्रत्येकाला जमत नाही.

त्याच आठवड्यात केंद्रानं सोयाबीनची ओलाव्याची मर्यादा 12 वरून 15 टक्क्यांवर नेली होती. मला वाटलं, वाट सापडली. रात्री बसून प्रश्न लिहिला, कृषी मंत्रालयाला: "बाजार समित्यांमध्ये ओलाव्याच्या कारणावरून कापूस नाकारला जात असल्याची सरकारला माहिती आहे काय, असल्यास..." साहेबांनी सही केली. मी खूश.

त्या एका वाक्यात दोन चुका होत्या. सोयाबीनची खरेदी कृषी मंत्रालयाच्या योजनेतून होते, कापूस महामंडळ वस्त्रोद्योग मंत्रालयाखाली येतं. लोकसभेत मंत्रालयांचे 5 गट असतात आणि प्रत्येक गटाला आठवड्यातला एक वार ठरलेला असतो. प्रश्न चुकीच्या दारात गेला की तो दुसऱ्या मंत्रालयाकडे वळवला जातो, तारीख बदलते. दुसरी चूक याहून मोठी. बाजार समित्या राज्याच्या कायद्याखाली चालतात. जी बाब मुळात भारत सरकारच्या अखत्यारीत नाही, तिच्यावरचा प्रश्न लोकसभेत स्वीकारलाच जात नाही. माझा प्रश्न नाकारला गेला. प्रश्नाची नवीन सूचना (नोटीस) द्यायची तर पूर्ण 15 दिवस आधी द्यावी लागते, आणि अधिवेशन 20 डिसेंबरला संपत होतं. माझ्या हातात दिवस उरले नव्हते.

मी बाप्पांना फोन केला. त्यांनी तोवर कापूस गावात येऊन माल घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्या व्यापाऱ्याला देऊन टाकला होता. भाव किती मिळाला ते त्यांनी सांगितलं नाही आणि मलाही विचारवलं नाही.

म्हणून कळकळीनं सांगतो, अर्ज हातात आला की आधी तो कोणाचा ते ठरवा, पेन नंतर उचला. डीपी जळाली, हे महावितरणचं. आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही, हे जिल्हा परिषदेचं. रेल्वे फाटक तासभर बंद राहतं, हे केंद्राचं. रस्ता असेल तर तो राष्ट्रीय महामार्ग आहे की राज्यमार्ग, हे गावकऱ्यांच्या सांगण्यावर सोडू नका, स्वतः जाऊन किलोमीटरचा दगड बघा. खरी गोची असते ती दोघांच्या मधल्या विषयांची. पीक विम्याचे नियम केंद्राचे, राबवणं राज्याचं. नुकसानीची सूचना 72 तासांत द्यायची, ही अट सैल व्हावी असा प्रश्न दिल्लीत विचारता येतो. पण 'आमच्या गावचा पंचनामा का झाला नाही' हे दिल्लीत विचारलं तर उत्तरात 'राज्य सरकार' एवढे दोन शब्द येतील आणि तुमचा प्रश्न वाया जाईल. झुडपी जंगलाचंही, म्हणजे खुरट्या झुडपांच्या पडीक जमिनीचंही, तसंच. सातबारा आणि महसुली नोंद राज्याची, पण वन संवर्धन कायदा 1980 चा, केंद्राचा. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं झुडपी जंगल वनच मानायचं असा निकाल दिल्यापासून त्या जमिनीवर घर असलेली माणसं रोज येतात. त्यांचा अर्ज घेताना घर कुठल्या सालचं आहे आणि त्याचा कागद काय आहे, हे पहिल्यांदा विचारा. बाकी गाव-गल्लीचा इतिहास त्यानंतर.

तोच कापसाचा प्रश्न पुढच्या अधिवेशनासाठी मी असा मांडला: आमच्या जिल्ह्यात महामंडळाची केंद्रं किती आणि ती कुठल्या तारखेला उघडली, ओलाव्यामुळे किती कापूस परत गेला याची नोंद ठेवली जाते काय, मर्यादेचा फेरविचार होणार आहे काय, नसल्यास कारणं काय. वस्त्रोद्योग मंत्रालय, 150 शब्दांच्या आत. तो स्वीकारला गेला. अतारांकितच, म्हणजे फक्त लेखी उत्तराचा, पण उत्तर आलं. मर्यादा वाढवण्याचं वचन त्यात नव्हतं. केंद्रांची यादी होती, आणि ती यादी घेऊन साहेब जिल्ह्यातल्या दिशा समितीच्या, म्हणजे केंद्राच्या योजनांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीच्या, बैठकीत बसले. केंद्र उशिरा का उघडलं, याचं उत्तर तिथं समोरासमोर मागता आलं. लेखी उत्तराचा उपयोग इथं होतो, बातमी छापून आणण्यात नाही.

तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मिळणारा प्रश्न, लागला नाही म्हणून हिरमुसू नका. दिवसाला 20 तारांकित, सोडत निघते, साडेपाचशेच्या जवळपास खासदार. तुमचं नाव येत नसेल तर त्यात तुमचा दोष नाही. नियम 377 खाली 250 शब्दांचं निवेदन द्या, त्याला मंत्रालयाकडून उत्तर येतं. शून्य प्रहरासाठी, म्हणजे तातडीचे विषय मांडायच्या वेळेसाठी, त्या दिवशी सकाळी 10 पर्यंत सूचना गेलीच पाहिजे. 10 वाजून 5 मिनिटांनी माझी गेली होती, तो दिवस गेला.

तयार प्रश्न पुरवणारे लोक दिल्लीत भेटतील. घेऊ नका. त्या प्रश्नांत देशभराचे आकडे मागितलेले असतात आणि आपल्या तालुक्याचं नावही नसतं. मोबाइलवर मशीनकडून लिहून घेतलेले प्रश्नही मी पाहिलेत, त्यांची भाषा गुळगुळीत असते आणि ग्रेडर हा शब्द त्यांना ठाऊक नसतो. त्यापेक्षा संसदेच्या संकेतस्थळावर जुनी उत्तरं वाचा. आपल्या विषयावर आधी कोणी काय विचारलं आणि सरकारनं कुठं पळवाट काढली, ते तिथं दिसतं.

गुरू कोणाला करायचं? भाषणं सुंदर लिहिणाऱ्याला करू नका, एवढं माझं ठाम मत आहे. आमच्या कार्यालयात वीस-बावीस वर्षं पत्रव्यवहार सांभाळलेले एक काका आहेत. त्यांच्याकडे बारावीचं सर्टिफिकेट आहे आणि कुठल्या टेबलावर फाइल अडते याची जाण आहे. माझा नाकारलेला प्रश्न वाचून ते एवढंच म्हणाले, "बाजार समितीचं नाव कायले टाकलं रे?" मी तो आधी त्यांना दाखवला असता तर.

खासगी विधेयकाचा, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारानं मांडायच्या विधेयकाचा, सोस प्रत्येक नवख्याला असतो, मलाही होता. 1970 नंतर एकही खासगी विधेयक कायदा झालेलं नाही, हे माहीत ठेवून लिहा. तरी लिहाच. तृतीयपंथीयांच्या हक्कांचं खासगी विधेयक 2015 मध्ये राज्यसभेनं मंजूर केलं आणि 2019 मध्ये सरकारला त्या विषयावर स्वतःचा कायदा आणावा लागला. त्या कायद्यावर टीका झाली, पण विषय सभागृहात आला तो त्या खासगी विधेयकामुळे. मसुदा करताना उद्देश आणि कारणं हा भाग सगळ्यात आधी लिहा, आणि कापूस वेचणाऱ्या बाईला वाचून दाखवता येईल अशा भाषेत लिहा.

स्थानिक विकास निधीचं थोडक्यात: वर्षाला 5 कोटी, खासदार शिफारस करतात, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांकडे. सभामंडप मागायला येणाऱ्यांना 'नाही' म्हणायला शिका.

आणि पत्रं. खासदारांच्या पत्राची पोच 15 दिवसांत आणि त्यानंतरच्या 15 दिवसांत उत्तर द्यावं, अशा केंद्राच्या विभागांना सूचना आहेत. म्हणून प्रत्येक पत्राची तारीख वहीत लिहा, शेजारी ज्याच्यासाठी पत्र गेलं त्याचा नंबर. उत्तर आलं की त्या माणसाला फोन करून पूर्ण वाचून दाखवा, नकार असला तरी. बाप्पांना मी वस्त्रोद्योग मंत्रालयाचं उत्तर वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी मध्ये दोनदा थांबवलं आणि केंद्रांच्या यादीतलं आमच्या तालुक्याचं नाव पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, "औंदा कधी उघडन मग?" त्या वेळी माझ्याकडे तारीख नव्हती. आता दर सप्टेंबरात पहिलं पत्र त्या तारखेसाठीच जातं.