भारत कुणाकडे झुकला? भाषणं मोजून बघा

भारताची दोस्ती कधी कुणाशी जमली हे शोधायचंय ना, मग यूएन आमसभेतली भारताची दरवर्षीची भाषणं टेक्स्ट फाइलमध्ये घ्या, फाइलच्या नावात वर्ष टाकाच, नाहीतर नंतर डोक्याला ताप. सगळं व्हॉयंट टूल्स या मजकुरातले शब्द मोजणाऱ्या फुकटच्या वेबसाइटवर चढवा, 'सोव्हिएत' शोधा आणि 1971 च्या भारत-सोव्हिएत कराराच्या आधीचा-नंतरचा आलेख बघा. पण नुसत्या आकड्यावर उड्या मारू नका हं, तिथल्याच 'कॉन्टेक्स्ट्स' या भागात जाऊन शब्दाच्या आजूबाजूचं आख्खं वाक्य वाचा, टीका केली तरी नाव येतंच की.

शिवाय बोलणं एक न् मतदान भलतंच असू शकतं, म्हणून यूएन डिजिटल लायब्ररीतून मतंही काढा. रशियाच्या युक्रेनवरच्या हल्ल्याविरोधातला आमसभेचा 2 मार्च 2022 चा ठराव घ्या: 141 बाजूने, 5 विरोधात, 35 तटस्थ, त्यात भारत. तटस्थांना विरोधकांत ढकलू नका, वेगळा कॉलम करा.