'लिटल ब्रदर' वर्गात घेताय? या चुका टाळा

कोरी डॉक्टरो यांची 'लिटल ब्रदर' (२००८) ही इंग्रजी कादंबरी मी सोलापुरात अकरावीच्या मुलांबरोबर सात वर्षं वाचते आहे. सॅन फ्रान्सिस्कोत बाँबस्फोट होतो, सुरक्षा खातं सतरा वर्षांच्या मार्कसला संशयावरून उचलतं. सुटून आल्यावर तो बघतो तर अख्ख्या शहरावर पाळत. माझ्याकडून पुस्तक नेणारे सर-मॅडम दरवर्षी त्याच चुका करून परत येतात, म्हणून एकदाच लिहून टाकते.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे युक्त्यांमध्ये रमणं. चाल ओळखणाऱ्या शाळेच्या कॅमेऱ्याला चकवायला मार्कस बुटात खडी टाकतो. या पानावर वर्ग खूश होतो आणि मग शिक्षकही पुढचे सगळे तास तेच धरून बसतात. २००८च्या युक्त्या आज शिकवून मुलांच्या हाती काय लागणार? घाई असलेल्यांना तेवढंच सोपं वाटतं आणि कादंबरीतलं खरं सोनं, म्हणजे चुकीच्या संशयाचं गणित, ते 'अवघड आहे' म्हणून गाळतात.

ते मी ज्वारीवर करते. हजार दाणे मोजायचे, एकाला कुंकू लावायचं. गुन्हेगार ओळखणारं यंत्र शंभरात नव्व्याण्णव वेळा बरोबर, असं धरायचं. तरी ते त्या एका लाल दाण्याबरोबर साधारण दहा पांढरे दाणे उचलणार. मग विचारायचं, गड्ड्याच्या जत्रेत लाखभर माणसं आहेत, त्यात दहा पाकीटमार, तर किती निर्दोष माणसं पकडली जातील? हजाराच्या आसपास. हे उत्तर मुलांनी स्वतः काढलं पाहिजे. मोजण्यात अर्धा तास जातो, जाऊ द्या. तयार स्लाइड दाखवून हे डोक्यात शिरत नाही.

दुसरी चूक माझी स्वतःची आहे, आणि ती अजून सलते. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली एकमतानं सांगितलं, ते मी फळ्यावर लिहिलं होतं. त्याच तासाला 'कुणाचा फोन देता?' म्हणून विचारलं. एका मुलानं उत्साहानं दिला. नकाशाच्या अॅपमधली टाइमलाइन मी प्रोजेक्टरवर लावली. रोज रात्री नऊ ते पहाटे, अक्कलकोट रोड एमआयडीसी. पोरगा रात्रपाळीला कारखान्यात जात होता आणि त्यानं वर्गात कुणालाच सांगितलं नव्हतं. कुणी हसलं नाही, पण तो खाली बघत राहिला. पुढचे तीन दिवस आला नाही. मी घरी जाऊन माफी मागितली. 'असू द्या मॅडम' म्हणाला, पण फळ्यावरचं ते वाक्य मीच मोडलं होतं.

तेव्हापासून फक्त माझा फोन, तोही फक्त कालच्या दिवसाचा, आणि आदल्या रात्री मी स्वतः तपासलेला. मुलांनी आपापले फोन घरी बघावेत, काय दिसलं ते वर्गात सांगायची सक्ती नाही.

'हे सगळं अमेरिकेतलं' म्हणून सोडून देऊ नका. मे १९३०मध्ये याच शहरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, लागला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. मुलं रोज या चौघांच्या पुतळ्यांवरून येतात. 'शांततेसाठी' म्हणून घेतलेले अधिकार कुणावर चालले, हा प्रश्न तिथूनच सुरू करा.

आजच्या पक्षांची भांडणं वर्गात आणू नका. 'मोबाइल वाईट' हे प्रवचन तर नकोच.

छळाचे आणि प्रेमाचे प्रसंग आहेत. आधी स्वतः पूर्ण वाचा, पालकांना कळवा, मग मुलांना द्या.

आणि मराठी माध्यमाच्या मुलांवर अख्खी इंग्रजी कादंबरी लादू नका. लेखकानं ती क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत खुली ठेवली आहे. श्रेय देऊन, पैसे न घेता आणि त्याच परवान्याखाली भाषांतर करता येतं. झेरॉक्स काढून विकणं चालत नाही. आम्ही दरवर्षी एकच प्रकरण गटागटानं मराठीत आणतो आणि वही वाचनालयात ठेवतो. भाषांतरकारांची नावं घालण्याआधी प्रत्येकाला विचारते. यंदा दोघींनी 'नको' म्हटलं, त्यांची घातली नाहीत.