कादंबरीसाठी संदर्भ जमवताना: विषयवार नको, पात्रवार

माझ्या कादंबरीतली पार्वती १९८२ साली लालबागच्या चाळीत खाणावळ चालवते. ती पूर्णपणे कल्पनेतली आहे. तिचा स्टो, तिची उधारीची वही आणि तिचा रस्ता मात्र खरेच हवेत.

सगळ्यात आधी फोल्डरचं नाव बदला. ‘गिरणगाव’, म्हणजे लालबाग-परळचा कापड गिरण्यांचा भाग, म्हटलं की त्यात वाट्टेल ते साठतं आणि लिहायला बसल्यावर हवं ते हाती लागत नाही. माझ्या फोल्डरचं नाव ‘पार्वती’ आहे. आतले कप्पे तिच्या दिवसाप्रमाणे: पहाटेचा स्वयंपाक, पाळीप्रमाणे येणारे जेवणारे, महिनाअखेरची वसुली.

मग तिच्या अडचणींचे प्रश्न लिहून काढा. १८ जानेवारी १९८२ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली कापड गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. एवढं कुठेही वाचायला मिळतं. पण पार्वतीला पैसे मिळतात ते जेवणाऱ्यांच्या गिरणीतल्या पगारातून. पगार थांबल्यावर वाणी तिला किती दिवस उधार देईल? रॉकेल रेशनवर, तर कार्ड कुणाच्या नावावर? जेवणारे गावी निघून गेले तर बाकी कुणाकडे मागायची? अशा प्रश्नांमागे जाता जाता मला अन्नपूर्णा महिला मंडळ सापडलं. प्रेमा पुरव यांनी ते १९७५मध्ये खाणावळवाल्या बायकांसाठीच उभं केलं. सावकाराच्या व्याजातून सुटून बँकेचं कर्ज मिळावं, हा हेतू. त्यामुळे पार्वती मंडळात जाते की सावकाराच्याच दारात राहते, हा कथानकातला खरा पेच झाला.

माणसांशी बोलताना ‘तो काळ कसा होता?’ असं विचारू नका, उत्तर भाषणासारखं येतं. ‘भाताचं पातेलं उतरवायला कोण यायचं?’ असं विचारा. हात आपोआप हवेत उचलले जातात, पातेल्याचा घेर दिसतो आणि मग शेजारणीचं भांडणही निघतं. तो घेर, ते भांडण लगेच टिपून घ्या. मात्र एकाच बाईचं अख्खं आयुष्य उचलून पात्राला चिकटवू नका, तो तिच्यावर अन्याय आहे.

छापील साहित्यात मला सर्वांत उपयोगी वाटतात ते जुने दिवाळी अंक, आणि त्यातही जाहिराती. कपडे, केशरचना, घरात काय असावंसं वाटायचं, सगळं तिथे आहे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या वाचनालयात वेळ काढून बसा. जिल्ह्यांचे गॅझेटिअर सरकारी संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. मोर्चाचा फोटो मिळाला तर घोषणांच्या फलकांआधी कडेला पाहा: दुकानाची पाटी, पायातल्या चपला, गॅलरीतलं वाळवण.

जागा पायी फिरून घ्या. फिनिक्स मिलच्या जागी आता मॉल आहे, पण चिमणी उभी आहे. ती कुठून कुठून दिसते ते चालल्यावरच कळतं. कागदोपत्री ना. म. जोशी मार्ग असला तरी पार्वतीच्या तोंडी डिलाईल रोडच येणार, म्हणून नकाशावर दोन्ही नावं लिहा.

प्रत्येक नोंदीखाली साल, ती कुठून मिळाली आणि ती वाचलेली, ऐकलेली की पाहिलेली, एवढं लिहाच. ऐकीव गोष्ट दुसरीकडे पडताळेपर्यंत वेगळ्या शाईत ठेवा.

आणि पहिला प्रसंग लिहिता येईल एवढं जमलं की लिहायला लागा. मध्येच तेलाचा भाव अडला तर तिथे चौकट काढून पुढे जा. त्या चौकटी म्हणजेच वाचनालयाच्या पुढच्या फेरीची यादी.